बिविल्डरच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या

१

"मावशी, बिविल्डर गेला!"

जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या रेडिओने एका उडीत ओलांडल्या आणि छापखान्याच्या दारातूनच बातमी सोडली. भिंगमावशींनी हातातलं प्रूफ खाली ठेवलं नाही. आधी ओळ संपवली, एका अनुस्वारावर लाल खूण केली, मग चष्म्यावरून पाहिलं.

"गेला म्हणजे? वारला की पळाला?"

"चोरीला गेला. अख्खा गठ्ठा. त्रेचाळीस चिठ्ठ्या! दादा डोक्याला हात लावून बसलेत, आणि वहिनी रडत नाहीयेत. म्हणजे बघा किती गंभीर आहे ते. तुम्हाला वर बोलावलंय."

रेडिओ हा वरच्या मजल्यावरच्या शब्दकोश कार्यालयाचा टंकलेखक. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण तोंड बंद होण्याचं बटण काही त्याला अजून सापडलं नव्हतं. मावशी खाली छापखान्यात प्रुफं तपासत. त्यांचं भिंग कमरेच्या पिशवीत असे, आणि तीस वर्षांत त्या भिंगाने इतक्या चुका धरल्या होत्या की कुठे काही हरवलं तरी लोक आधी देवाचं नाव घेत आणि मग मावशींचं.

"अरे, मी काय पोलीस आहे?"

"पोलीस आले तर पहिल्यांदा वहिनींनाच विचारतील. किल्ली त्यांच्याकडे असते ना." रेडिओचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पाच वाजता कोशमंडळाचे अध्यक्ष येणार आहेत. तोवर गठ्ठा मिळाला नाही तर वहिनींनी किल्ल्या टेबलावर ठेवायच्या आणि घरी जायचं. दादांनीच सांगितलंय तसं."

मावशींनी प्रुफावर पितळी वजन ठेवलं, मनातल्या मनात हात जोडले आणि जिना चढायला लागल्या.

२

वरची खोली लांबट होती. एका भिंतीला रस्त्याकडच्या खिडक्या, उरलेल्या तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी कपाटं, आणि कपाटांना पितळी मुठींचे लहान लहान खण. या खणांत सहा लाख चिठ्ठ्या होत्या. पस्तीस वर्षं इथे इंग्रजी शब्दांचा आपल्या भाषेतला मोठा कोश चालला होता. पद्धत साधी होती. माणसांनी पुस्तकं वाचायची, एखादा शब्द ज्या वाक्यात भेटेल ते वाक्य पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर उतरवायचं, आणि एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून खणात ठेवायच्या. संपादक त्या समोर पसरून अर्थ ठरवत. शब्द लोकांनी कसा वापरला ते आधी, अर्थ मागाहून, असा इथला नियम.

मुख्य संपादक दादा खुर्चीत होते खरे, पण बसलेले वाटत नव्हते, ठेवलेले वाटत होते. शेजारी सहसंपादक उभे. त्यांना सगळे प्रोफेसर म्हणत. त्यांनी आयुष्यात एक तासही कुठे शिकवलं नव्हतं, पण साधा पंखा बंद करा म्हणायचं तरी ते प्रस्तावना, विषयप्रवेश आणि समारोप करत. आणि कपाटाला पाठ लावून, मुठीत किल्ल्यांचा जुडगा धरून उभ्या होत्या त्या वहिनी. एके काळी त्यांचा धाकटा दीर इथे कामाला होता. त्याच्या तोंडून 'वहिनी' ऐकून ऐकून सगळ्या कार्यालयाच्याच त्या वहिनी झाल्या होत्या. दीर गेला दुसरीकडे, नातं राहिलं.

"काल बारा वाजता गठ्ठा मीच दादांना दिला," वहिनी म्हणाल्या. "दादांनी पाहून परत दिला, मी खणात ठेवला, कुलूप लावलं. आज दहाला उघडते तर खण रिकामा."

"आणि कुलूप?"

"जसंच्या तसं."

"किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे." वहिनींनी नजर खाली केली नाही. "जेवताना मात्र दारामागच्या खिळ्याला लावते. एक ते दीड. हे सगळ्यांना माहीत आहे."

दादा खाकरले. "मावशी, सरळ बोलतो. हा शब्द उद्या छपाईला जायचा होता. गठ्ठा नाही म्हणजे त्या अर्थाला पुरावा नाही. अध्यक्षांना कोणीतरी जबाबदार दाखवावं लागेल."

"कोणीतरी, की जबाबदार?" मावशींनी विचारलं.

दादा टेबलावरचे कागद सारखे करू लागले. त्यांच्या टेबलावर एक कागद पितळी टाचणीने अडकवून ठेवला होता. मावशींनी भिंग काढून वाकून पाहिलं. वर मोठ्या अक्षरांत 'बिविल्डर', आणि खाली दादांच्या हाताने लिहिलेला अर्थ, खाडाखोडीसकट.

"हा कागद काल कुठे होता?"

"इथेच. रात्रभर इथेच होता," दादा म्हणाले.

मावशींनी भिंग मिटलं. चोराच्या हाताशी अर्थाचा कागद होता आणि त्याने तो घेतला नव्हता. हे त्यांना बिलकुल आवडलं नाही.

३

"भांडण झालं होतं ना काल?" मावशींनी प्रोफेसरांना खिडकीपाशी बसवलं. समोरच्या इमारतीत शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेत होता. प्रोफेसर तिकडेच पाहत होते.

"भांडण नव्हे, मावशी. मतभेद. त्याची पार्श्वभूमी अशी..."

"पार्श्वभूमी राहू द्या. शब्दावरून होतं ना? मला समजेल असं सांगा. मी प्रुफं तपासणारी बाई, पंडित नव्हे."

प्रोफेसर थोडे सैल झाले. शब्दाचा विषय निघाला की या खोलीत कोणीही सैल होई. "बिविल्डर म्हणजे पार गोंधळवून टाकणं. साधा गोंधळ नव्हे, टोकाचा. भल्या मोठ्या स्टेशनात पहिल्यांदा उतरलेला म्हातारा, ज्याला चारी बाजूंनी पाट्या दिसतात आणि एकही कळत नाही, तो बिविल्डर झालेला असतो. एवढं पुरे. पण दादा म्हणतात, पहिला अर्थ 'चकवा लागणे' असाच द्यायचा."

"चकवा? रानात माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, तो?"

"तोच. कारण त्या शब्दाच्या पोटात म्हणे रान आहे. वाट सोडून रानात भरकटवणं हा त्याचा जुना अर्थ. असेल! पण आज कोण रानात जातंय? मी म्हटलं, लोक फॉर्म भरताना बिविल्डर होतात, तिथे कुठलं आलंय झाड?"

मावशी हसल्या. "बरोबर आहे तुमचं. मग तुम्ही गठ्ठा का घ्याल? चिठ्ठ्या तर तुमच्याच बाजूच्या असतील."

"तेच म्हणतो मी!" प्रोफेसरांनी सुस्कारा सोडला. "मला त्या गठ्ठ्याचं काय करायचंय?"

"त्या चिठ्ठ्या वाचून लिहिल्या कोणी होत्या?"

शिंप्याने टेप गळ्यात टाकली. प्रोफेसरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला. "कोणास ठाऊक. बावीस वर्षं झाली. तेव्हा खूप वाचक होते."

वर्षं मात्र त्यांना नेमकी आठवली होती.

४

रेडिओचं टेबल म्हणजे कागदांचा ढिगारा आणि मधून डोकावणारं टंकयंत्र.

"कालचा दिवस सांग," मावशी स्टूल ओढून बसल्या. "चांगला मीठमसाला लावून सांग, पण खोटं घालू नकोस."

"अकराला नोटीस आली. अध्यक्षांची. परवापासून फोटोवाला येणार, 'बी'पासून पुढच्या सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो काढणार, आणि दोन्ही बाजूंचे! मी मोठ्याने वाचून दाखवली. वहिनी म्हणाल्या, बापरे, कामाचा डोंगर. दादा म्हणाले, करा. प्रोफेसर म्हणाले, मागच्या बाजूचे कशाला? मागे तर रद्दी आहे."

"रद्दी?"

"मग काय! हे बघा." रेडिओने जवळचा एक गठ्ठा उलटा केला. एका चिठ्ठीच्या मागे जुन्या परिपत्रकाच्या चार ओळी, दुसरीच्या मागे कोणाच्या तरी मुलाची गणितं, तिसरीच्या मागे कपडे धुवायला दिल्याची यादी. "त्या काळी कागदाची चणचण होती. कोऱ्या कागदाची चिठ्ठी कापली की दादा ओरडायचे. जो तो घरची रद्दी आणायचा, पाठकोऱ्या कागदाचे आठ तुकडे करायचा आणि त्यावर लिहायचा. मागची बाजू कोण बघतो?"

"बिविल्डरच्या चिठ्ठ्या तू टाईप केल्या होत्यास?"

"मागच्याच आठवड्यात. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वाक्यं, खाली कार्बन लावून. एक प्रत दादांच्या फायलीत आहे, एक माझ्याकडे."

मावशी सावरून बसल्या. "मग पुरावा गेला असं दादा का म्हणाले?"

"नियम आहे. मूळ चिठ्ठी पाहिल्याशिवाय शब्द छपाईला सोडायचा नाही." रेडिओ थबकला. "पण खरंय की. वाक्यं तर एकही हरवलेलं नाही. मी एवढं बोलतो आणि हेच बोललो नाही!"

"नोटीस वाचलीस तेव्हा प्रोफेसर कसे दिसत होते?"

"गोंधळल्यासारखे."

"नीट सांग. तू शब्दांच्या घरात नोकरी करतोस. गोंधळले, भांबावले, चक्रावले की गांगरले?"

रेडिओ चक्क विचारात पडला. बोटांवर एकेक शब्द घेऊन पाहिल्यासारखं करत म्हणाला, "चक्रावले नाहीत. चक्रावलेला माणूस प्रश्न विचारतो. भांबावले नाहीत, कारण नोटीस एकच होती, चार गोष्टी एकदम अंगावर आल्या नव्हत्या. गांगरले, मावशी. तोंड पांढरं पडलं होतं. गांगरण्यात भीती असते."

"शाबास. आणि जेवायला सगळे बरोबर होतात?"

"मागच्या गॅलरीत. प्रोफेसर तेवढे उशिरा आले. आमचं अर्धं जेवण झालं तरी हे नळाखाली हातच धूत होते. मी म्हटलंसुद्धा, प्रोफेसर, हात धुताय की पाप?" रेडिओ स्वतःच्या विनोदावर हसला, आणि मावशी हसत नाहीत हे पाहून यंत्रात कागद घालू लागला.

५

वहिनी कपाटाशी खाली बसून खण पुसत होत्या. पाच वाजता किल्ल्या द्यायच्या, तर खण स्वच्छ असावेत, असा त्यांचा हिशेब.

"हे रोज पुसता?" मावशींनी त्यांच्याशेजारी बैठक मारली.

"'बी'चे रोज. चालू काम आहे. पलीकडे 'ए'ची कपाटं आहेत ना, त्यांना मात्र हात लागत नाही. खंड छापून झाला, फोटो पण गेल्या वर्षी झाले, पुढच्याच बाजूचे. त्यांना कुलूपही नसतं. आता त्यांच्यावर बोटभर धूळ."

"किती वर्षं झाली किल्ल्या सांभाळून?"

"बावीस."

"आणि त्याआधी?"

वहिनींचा हात फडक्यावरच थांबला. "त्याआधी मी वाचायची. त्या खिडकीजवळ माझी खुर्ची होती. नऊ हजार चिठ्ठ्या आहेत माझ्या हाताच्या. मग एक पत्र आलं. बिनसहीचं. वहिनी वाक्यं मनाने रचतात, पुस्तकात नसतातच, असं लिहिलं होतं त्यात. नुसतं म्हटलं नव्हतं, मावशी, माझ्या चिठ्ठ्यांतली चांगली सोळा उदाहरणं दिली होती. त्यातली पुस्तकं इतकी जुनी की इथे मिळेनात. दादा म्हणाले, काही दिवस किल्ल्या सांभाळा, आपण तपासू."

"तपासलं?"

"काही दिवस चाललेत अजून." वहिनी हसल्या. ते हसू मावशींना पाहवलं नाही. "किल्ल्यांचं दुःख नाही हो. पण एकदा खोटी ठरले, आता चोर ठरेन. घरी सून विचारेल, आई, आज लवकर कशा? काय सांगू तिला?"

मावशींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. देवा, एका माणसाच्या वाट्याला एकच अन्याय दोनदा का देतोस, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण हातात घड्याळ होतं आणि चार वाजायला आले होते.

"वहिनी, त्या वेळी कुठला वाचक काय वाचत होता, याची काही नोंद असेल?"

"आहे की. वाटपाची वही. तेव्हा एका माणसाला एक शब्द अशी पद्धत होती. तो शब्द तोच माणूस सगळ्या पुस्तकांतून शोधायचा." त्या उठल्या, वरच्या फळीवरून एक जाड वही काढली आणि तिच्यावर फुंकर मारली.

मावशींनी पानं उलटली. 'बी'. बाजूला शब्द, समोर वाचकाचं नाव, शेवटी चिठ्ठ्यांची संख्या. बोट खाली खाली येत 'बिविल्डर'वर थांबलं. त्रेचाळीस. मावशींनी समोरचं नाव वाचलं. भिंग पदराने पुसलं, आणि पुन्हा वाचलं.

६

साडेचारला मावशींनी सगळ्यांना 'ए'च्या कपाटांसमोर बोलावलं. दादा आले, रेडिओ आला, वहिनी किल्ल्यांसकट आल्या. प्रोफेसर शेवटी आले आणि दाराजवळच उभे राहिले.

"मला सकाळपासून एक गोष्ट टोचत होती," मावशी म्हणाल्या. "शब्दावर राग असता तर चोराने अर्थाचा कागद नेला असता. तो तर टेबलावर उघडा होता. वाक्यं नाहीशी करायची असती तर रेडिओकडची प्रत नेली असती. तीही जागेवर आहे. मग त्रेचाळीस चिठ्ठ्या गेल्या म्हणजे नेमकं काय गेलं? पुढची बाजू तर कागदावर शिल्लक आहे. गेली ती फक्त मागची बाजू."

दादा खुर्चीसाठी हात चाचपडू लागले. रेडिओने स्टूल पुढे सरकवलं.

"बावीस वर्षं तो गठ्ठा खणात सुखाने होता. मग कालच का गेला? काल अकराला नोटीस आली, मागच्या बाजूचे फोटो निघणार म्हणून. मागे कोणाची रद्दी असते? ज्याने चिठ्ठ्या लिहिल्या त्याची. आणि बिविल्डर हा शब्द कोणाला दिला होता ते या वहीत आहे." त्यांनी वही बंदच ठेवली. "प्रोफेसर, मी वाचून दाखवू, की तुम्ही सांगता?"

"मला दिला होता," प्रोफेसर म्हणाले. बिनप्रस्तावनेचं त्यांचं हे पहिलंच वाक्य असावं. मग घाईने पुढे म्हणाले, "पण म्हणून मीच गठ्ठा घेतला असं सिद्ध होत नाही. माझं टेबल पाहा. पिशवी पाहा. घर पाहा."

"तुमच्या घरी कशाला जाऊ? गठ्ठा इथेच आहे. तुम्ही तो जाळू शकला नाहीत. नवखा चोर असता तर काडी ओढून मोकळा झाला असता. तुम्ही आयुष्यभर चिठ्ठ्या जपल्यात. तुमच्या हातून माणूस मोडेल, चिठ्ठी मोडणार नाही."

रेडिओने आ वासला होता.

"काल जेवायच्या वेळी तुम्ही बराच वेळ हात धुतलेत. 'बी'चे खण वहिनी रोज पुसतात, त्यांनी हात काळे होत नाहीत. काळे होतात ते इथे." मावशींनी 'ए'च्या कपाटावरून बोट फिरवलं आणि काळं बोट वर धरलं. "ए छापून झाला, फोटो झाले, कुलूप नाही. इथे कोणी कधीच बघणार नाही. पण इथे दोनशे खण आहेत. कुठल्या खणात?"

"सगळे उघडू या की!" रेडिओ पुढे सरसावला.

"थांब. कोशाचं काम केलेला माणूस चिठ्ठी कुठेही कोंबत नाही. त्याचा हातच ऐकत नाही. लपवायची झाली तरी तो ती अर्थाच्या जवळच लपवील. प्रोफेसर, काल तुम्ही दादांना सांगितलंत, बिविल्डरमध्ये रान नाही, वाट चुकणं नाही, नुसता गोंधळ आहे. हे तुमच्या मनातलं असतं, तर कुठलाही खण चालला असता. पण मला वाटतं, किल्ली खिळ्यावरून काढताना तुम्हाला शब्द खरा कळला. दादा, 'ॲस्ट्रे' कुठे आहे? वाट सोडून भलतीकडे गेलेला, तो शब्द?"

दादांनी न बघता सांगितलं, "नववं कपाट, खालून तिसरा."

वहिनी तिथपर्यंत गेल्या. ओळीतल्या सगळ्या पितळी मुठी धुळीने करड्या झाल्या होत्या. खालून तिसरी तेवढी चकचकीत होती.

७

गठ्ठा तिथेच होता. दोरासुद्धा नीट बांधलेला, कोशघरातल्या दुहेरी गाठीने.

मावशींनी दोरा सोडला आणि चिठ्ठ्या उलट्या करून टेबलावर पसरल्या. बऱ्याचशांच्या मागे जुनी परिपत्रकं, एका शिकवणीची जाहिरात. आठ चिठ्ठ्या मात्र एकाच कागदाच्या होत्या. मावशींनी त्या भिंगाखाली जुळवल्या, चार वर, चार खाली. एका पत्राचा कच्चा मसुदा तयार झाला. खोडलेले शब्द, वर घातलेले शब्द, आणि सोळा उदाहरणांची यादी. त्यात दोन जागी आधी सहज मिळणाऱ्या पुस्तकातलं उदाहरण लिहिलेलं, मग ते खोडून, जे कुठेच मिळणार नाही अशा जुन्या पुस्तकातलं घातलेलं. खाली सही नव्हती. सहीची गरजही नव्हती. प्रोफेसरांचं अक्षर खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

वहिनींनी वाचलं. एकदा, मग पहिल्यापासून पुन्हा.

"हे बावीस वर्षं माझ्याच कपाटात होतं," त्या म्हणाल्या. "दर सहा महिन्यांनी मी याचा दोरा बदलत होते."

"सहसंपादकाची एकच जागा होती," प्रोफेसर भिंतीला टेकले. "तुमच्या नऊ हजार होत्या, वहिनी, माझ्या पाच. मी पत्र लिहिलं, डाव्या हाताने नक्कल केली, पाठवलं. आणि मसुदा... मसुदा माझ्याच रद्दीच्या ढिगात गेला. महिन्याभराने त्याच ढिगातून चिठ्ठ्या कापल्या. कापताना बघितलंसुद्धा नाही. पाठकोरा कागद दिसला की कापायचा, एवढंच डोक्यात. गेल्या आठवड्यात दादांशी वाद घालायला म्हणून गठ्ठा मागून घेतला, एक चिठ्ठी हातातून उलटी पडली..." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "काल घरी न्यायचा होता. काडी पेटवायची म्हणून ठरवलंही होतं. पण तुमची वाक्यं खोटी म्हणून मी लिहिलेलं, आणि माझी खरी वाक्यं मीच जाळायची? हात धजला नाही. खण उघडायला लागलो आणि कळेना कुठे ठेवू. फिरून फिरून त्याच कपाटाशी येत होतो. दादा, तुमचा अर्थ बरोबर आहे."

दादांनी मान वर केली नाही. "अर्थ बरोबर असून काय उपयोग? मी सोळातलं एक तरी पुस्तक मागवून बघायला हवं होतं. आणि आज सकाळी पुन्हा तेच केलं. विचारायच्या आधी ठरवलं." मग ते स्टुलावरून उठले. पस्तीस वर्षांत ते कोणासमोर असे उठले नव्हते. "वहिनी, माझं चुकलं. दोन्ही वेळा."

जिन्यावर बूट वाजले. अध्यक्ष आले होते. घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी होती.

"काय झालं? मिळाला का गठ्ठा?" अध्यक्षांनी दारातूनच विचारलं. "नसेल तर किल्ल्या..."

सगळे वहिनींकडे पाहत होते. प्रोफेसरही, आणि त्यांच्या डोळ्यांत विनंती होती की शरम, हे मावशींना भिंगातूनही सांगता आलं नसतं.

वहिनींनी आठही चिठ्ठ्या एकत्र केल्या, उलट्याच ठेवल्या आणि अध्यक्षांच्या पुढ्यात सरकवल्या. "गठ्ठा मिळाला, साहेब. तुमची नोटीस आहे ना, दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे म्हणून? याही घ्या. मागची बाजू आधी वाचा."

अध्यक्षांना वाचायला वेळ लागला. ते वाचत असताना खाली छापखान्यातलं यंत्र सुरू झालं आणि फळ्या हलक्या थरथरू लागल्या. वाचून झाल्यावर ते प्रोफेसरांकडे वळले. "तुम्ही उद्यापासून..."

"थांबा, साहेब," वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षं मी यांना रोज पाण्याचा तांब्या भरून दिलाय. यांना घालवून माझी वर्षं परत येणार नाहीत. मला माझी खुर्ची हवी. खिडकीजवळची. सोळा पुस्तकं तपासायची राहिली आहेत ना, तीही मागवा. माझी वाक्यं त्यांत कुठल्या पानावर आहेत ती मी दाखवते, आणि यांनी मुद्दाम निवडलेली ती न मिळणारी पुस्तकं यांनीच शोधावीत." हे म्हणताना त्यांचा आवाज थोडा धारदार झाला. मग त्यांनी जुडगा उचलला आणि प्रोफेसरांच्या हातात ठेवला. "आणि हे तुम्ही सांभाळा. 'बी'चा खंड संपेपर्यंत. बावीस वर्षं नको. तेवढं कडू व्हायला मला आता वेळ नाही. 'बी'चे खण रोज पुसायचे, आणि आता 'ए'चेसुद्धा."

"वहिनी, जेवताना किल्ली खिळ्यालाच लावायची का?" रेडिओने हळूच विचारलं.

"गप रे," मावशी म्हणाल्या, पण त्यांनाच हसू आवरेना. डोळे पुसायला त्यांनी पदर घेतला तो हसण्याच्या नावाखाली.

प्रोफेसर किल्ल्या हातात धरून उभे होते. ना प्रस्तावना, ना समारोप. शेवटी ते नवव्या कपाटापाशी गेले आणि उघडा राहिलेला खण त्यांनी हलकेच आत ढकलला.

दादांनी अर्थाचा कागद टाचणीतून काढला आणि वहिनींपुढे ठेवला. "एवढा शब्द तुम्हीच पुरा करा. उद्या छपाईला जायचाय."

वहिनी खिडकीजवळ बसल्या. खुर्ची आता थोडी डगमगत होती. त्यांनी त्रेचाळीस चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या, मग दादांचं वाचलं, आणि लिहायला एक नवी चिठ्ठी घेतली. लिहिण्याआधी मात्र ती उलटी केली. मागची बाजू कोरी आहे याची खात्री करून घेतली. मगच पेनचं टोपण काढलं.

मावशी खाली जाता जाता त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं:

"चकवा लागणे, टोकाचा गोंधळ उडणे. ओळखीच्या जागीही पाऊल कुठे टाकावे ते न कळणे."

मावशींनी सवयीने भिंग लावून पाहिलं. चूक एकही नव्हती.